मोठ्या बाईंची पालकसभा

मोठ्या बाई पालकसभेला निघाल्या की पायांत कॅनव्हासचे पांढरे बूट घालत. एरवी शाळेत साध्या चपला. बूट दिसले की आम्ही शिक्षिका एकमेकींकडे बघायचो आणि जिला पुढचा तास मोकळा असेल ती गुपचूप सटकायची. कारण बाई एकट्या जात नसत. बरोबर एक बळी लागायचा आणि बहुतेक वेळा तो मान मला मिळायचा. "तू मराठी आहेस ना पोरी, रस्त्यानं बोलायला बरं," हे त्याचं कारण. रस्त्याने त्या आपणहून एक अक्षर बोलत नसत.

आता पालकसभा म्हटल्यावर पालकांनी शाळेत यायचं असतं, हेडमिस्ट्रेसने बूट घालून पालकांच्या मागे हिंडायचं नसतं, एवढं मलाही कळत होतं. पण बाईंचं सगळंच उफराटं.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी मूळची सांगलीकडची. लग्न झालं, ह्यांची बँकेतून बदली लखनौला झाली, आणि घरी बसून भिंतींशी बोलण्यापेक्षा बरं म्हणून आलमबागेतल्या एका लहानशा खासगी शाळेत मी चौथीला शिकवायला लागले. बाई तिथे हेडमिस्ट्रेस. त्या वर्ध्याकडच्या. यजमान रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होते, ते वारल्यावरही त्या परत गेल्या नाहीत. ऑफिसातल्या टेबलावर बुद्धाची लहान मूर्ती, बाजूला भाकरीचा डबा, आणि दाराला कधीही कडी नाही. हिंदी त्या इथल्या लोकांसारखी बोलायच्या, रागावल्या की मात्र वर्धा बाहेर यायचं. सगळी शाळा त्यांना 'बड़ी दीदी' म्हणायची. मी एकटी 'बाई' म्हणायचे.

लखनौच्या माणसाला मुद्द्यावर यायला अर्धा तास लागतो. आधी तब्येत, मग घरच्यांची तब्येत, मग हवा, मग "आप फ़रमाइए", "नहीं, आप फ़रमाइए". बाई आधी मुद्दा टाकायच्या आणि तो संपला की मग तब्येत विचारायच्या. समोरच्याला वाटायचं, बाई भांडून परत भांडायला आल्या.

दुसरी गोष्ट म्हणजे नियम. नियम पाळावा तर बाईंनी. आलमबागेच्या चौकात झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे कधीकाळी कोणी रंगवले होते, ते आता शोधावे लागत. बाई ते शोधायच्या आणि त्यांच्यावरूनच रस्ता ओलांडायच्या, मग टेम्पोवाले कितीही कोकलू देत. मी पदर खोचून मागे पळायचे. "इकडून जवळ आहे हो बाई," म्हटलं तर म्हणायच्या, "जवळ असेल, पण पट्टे इथं आहेत ना."

तर पालकसभा. सत्रात एका शनिवारी आम्ही हॉलमध्ये खुर्च्या मांडायचो, शिपाई पाण्याचा माठ भरून ठेवायचा आणि यायचे कोण? ज्यांच्या मुलांबद्दल काही सांगण्यासारखंच नसायचं ते. बाकीच्यांचे बाप बसवर, रेल्वेत, दुकानात, बँकेत. आया शिलाईकामावर, नाहीतर घरात सासूचं आजारपण. बाई रिकाम्या खुर्च्यांकडे बघून म्हणायच्या, "ज्यांना येणं जमते त्यांनाच बोलावून काय करून राहिलो आपण?"

शाळेचे प्रबंधक, म्हणजे ज्यांच्या पैशावर शाळा उभी होती ते गृहस्थ, अमीनाबादेत कापडाचं मोठं दुकान चालवायचे. बोलणं साखरेत घोळवलेलं. त्यांनाही रिकाम्या खुर्च्या दिसल्या, पण त्यांनी उपाय वेगळा काढला. वर्षातल्या तीन सभांपैकी एकाही सभेला आई, वडील किंवा शाळेत नोंदलेले पालक उपस्थित राहिले नाहीत, तर त्या मुलाचं नाव शाळेतून कमी. तसा कागद निघाला, खाली सही, वर शिक्का.

स्टाफरूममध्ये आम्ही हळहळलो आणि चहा प्यायलो. आमच्याच्याने आणखी काय होणार होतं? बाईंनी तो कागद चष्मा लावून दोनदा वाचला. मला वाटलं, आता भांडायला जातील. त्या म्हणाल्या, "नियम आहे. पाळावा लागते. पण सभा कुठं घ्यायची, ते यात लिहिलेलं नाही." आणि दुसऱ्या दिवशी पायांत बूट.

पहिली सभा आमच्या ह्यांच्याच बँकेत झाली. हा काय योग! ह्यांच्या शेजारच्या काउंटरवर पुण्याचे एक गृहस्थ बसायचे, त्यांचा मुलगा आमच्याकडे तिसरीत. शाळेने बोलावलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, "क्लोजिंग चालू आहे." बाई बँकेत गेल्या, रांगेतून पितळी टोकन घेतलं आणि बाकावर बसल्या. मी शेजारी मान खाली घालून. पलीकडच्या काउंटरवरून हे माझ्याकडे असे बघत होते, जणू घरी काहीतरी जळालं म्हणून मी धावत आलेय. टोकनचा नंबर पुकारला. बाई उठल्या, खिडकीशी गेल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "तिसरी ब. पालक?"

ते पुणेकर गोंधळले. "पासबुक द्या बाई."

"पासबुक नाही, मुलगा आहे. हजेरी घेते आहे मी. पालक?"

"अहो, मागे रांग आहे!"

"म्हणून तर टोकन घेतलं. नंबर माझा आहे. उपस्थित म्हणा."

बिचारे "उपस्थित" म्हणाले. चौथीतला पोरगा म्हणतो तसं, हळूच. त्यावर बाईंनी एक गोष्ट सांगितली आणि एक विचारली. हीच त्यांची पद्धत होती. सांगितलं ते असं, की तुमचा मुलगा डब्यातली पोळी रोज शेजारच्या मुलाला अर्धी देतो, कोणी न सांगता. आणि विचारलं, "घरी तो सगळ्यात जास्त कोणाशी बोलते?" मागचा माणूस "अरे भाई, जल्दी" म्हणाला, तसं बाईंनी टोकन परत केलं, तब्येत विचारली आणि निघाल्या. बस्स. रात्री जेवताना ह्यांनी मला चांगलंच फैलावर घेतलं. "पुढच्या वेळी डिमांड ड्राफ्ट काढायला या, दोन तास बसायला मिळेल." पण मग ताटावरून उठता उठता म्हणाले, "तो आज संध्याकाळी पाचलाच घरी गेला गं. कधी जात नाही."

तक्रार सांगायला बाई कधीच जायच्या नाहीत. आम्ही म्हणायचो, बाई, अमक्याचं गणित कच्चं आहे तेही सांगा की. त्यावर त्यांचं ठरलेलं वाक्य, "तक्रार पोहोचवायला पोस्टमन पुरते. मी कायले जाऊ?"

चौक नावाच्या जुन्या मोहल्ल्यात एका मुलीची आई कुर्त्यांवर चिकनचं भरतकाम करायची. दहा-बारा जणी एका खोलीत मांडी घालून बसलेल्या. बाई आल्यावर तिने घाईघाईने सुई खोचून ठेवली, तर बाई म्हणाल्या, "हाथ चलने दीजिए, बस कान इधर दीजिए." हजेरी घेतली. ती बाई लाजून "उपस्थित" म्हणाली आणि बाकीच्या सगळ्या फिदीफिदी हसल्या. मग त्यांतली एक म्हणाली, "दीदी, हमारी भी ले लीजिए हाज़िरी." तिचं मूल आमच्या शाळेत नव्हतंच. बाईंनी तिचीही घेतली.

हॉलमधली सभा आणि तिथली हजेरीही चालूच होती. असं करत करत सगळ्यांची नावं वाचली. एक राहिलं, आणि ते माझ्याच वर्गातलं. कुसुम.

कुसुमचे वडील रोडवेजच्या बसवर ड्रायव्हर. आई हरदोईकडच्या गावात, म्हाताऱ्या सासू-सासऱ्यांपाशी. इथे बाप-लेक आणि बापाची बहीण. आत्या चालणार नव्हती, कागदावर 'माता, पिता अथवा पंजीकृत अभिभावक', म्हणजे शाळेत नोंदलेले पालक, असं होतं. बाप पहाटे गाडी काढायचा तो दिवे लागल्यावर यायचा, आणि सुट्टीच्या दिवशी गावी पळायचा. मुलगी शहाणी. पण वर्गात वाचायला उभी केली की ओठ मिटून घ्यायची. मी रागावून बघितलं, लाडीगोडी लावून बघितली. अक्षर सुंदर, तोंडातून शब्द नाही. तिचं नाव कमी झालं असतं तर पुढे कुठल्या शाळेत घालायला त्या बापाला वेळ होता? ती घरीच बसली असती. मला रात्री झोप लागेना, हे खरं सांगते.

शेवटच्या सभेची मुदत दोन दिवसांवर आली तेव्हा बाईंनी बूट घातले, कुसुमला वर्गातून घेतलं, मला घेतलं, आणि आम्ही तिघी बसस्टँडवर कानपूरच्या गाडीत जाऊन बसलो. तिकिटं काढून. कंडक्टर म्हणाला, "ड्राइवर साहब की बिटिया का टिकट कैसा?" बाई म्हणाल्या, "नियम है."

कुसुमचा बाप आमच्याकडे बघून हबकलाच. लेकीला काही झालं की काय, असं त्याच्या चेहऱ्यावर. "क्या हुआ दीदी?" बाईंनी तोंड उघडलं आणि त्यांची नजर काचेच्या वरच्या पाटीवर गेली. 'चलती गाड़ी में चालक से बात न करें.' गाडी सुरू झाली होती. बाईंनी तोंड मिटलं.

मला हसावं की रडावं कळेना. दिवसभराची शाळा सोडून, तीन तिकिटं काढून, ज्या माणसाशी बोलायला आलो त्याच्या मागच्याच बाकावर आम्ही मुक्याने बसलेलो. तो बिचारा आरशातून पुन्हा पुन्हा आमच्याकडे बघतोय. बंथरा मागे पडलं. मी कुजबुजले, "अहो बाई, एवढंसं सांगून टाका की. कोण बघतंय?"

"मी पाहून राहिले ना," बाई म्हणाल्या. मग थोड्या वेळाने स्वतःशीच म्हटल्यासारखं, "बोलायचं नाही असं लिहिलंय. ऐकायचं नाही, असं कुठं लिहिलंय?"

त्यांनी कुसुमच्या दप्तरातून हिंदीचं पुस्तक काढलं, मधमाशीचा धडा उघडला आणि तिच्या मांडीवर ठेवला. तिला काही सांगितलंही नाही. कुसुमने पुस्तकाकडे बघितलं, मग बापाच्या पाठीकडे. बापाचं तोंड रस्त्याकडे होतं. मला वाटतं, तेच तिला बरं पडलं. तिने वाचायला सुरुवात केली. इतक्या हळू, की इंजिनाच्या घरघरीत मला शेजारी बसून ऐकू येईना. पलीकडच्या बाकावर दुधाची रिकामी किटली घेऊन एक म्हातारा बसला होता, तो म्हणाला, "बिटिया, ज़ोर से पढ़ो, हम भी सुनें."

आणि ती जोरात वाचायला लागली. वर्षभर जिच्या तोंडून मी एक ओळ काढू शकले नव्हते, ती पोरगी त्या खडखडणाऱ्या गाडीत स्पष्ट, ठसठशीत वाचत होती. नवाबगंजला माणसं चढली-उतरली तेवढीच ती थांबली. कंडक्टर शिट्टी वाजवायचं सोडून बाकाच्या पाठीवर हात टाकून उभा राहिला. मधमाशीचा धडा संपला, मग डोंगराचा, मग एक कविता. उन्नावच्या अलीकडे समोरून एक ट्रक भोंगा दाबत आला आणि कवितेची एक ओळ त्यात बुडाली. बापाने ट्रकवाल्याला अशी शिवी हासडली, की बाईंच्या बरोबर एवढ्या सभा करूनही पालकाच्या तोंडून तसलं काही मी ऐकलं नव्हतं. बाईंनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मला मात्र त्या शिवीने भरून आलं. का ते विचारू नका.

कानपूरला गाडी थांबली, इंजिन बंद झालं. बाई लगेच उभ्या राहिल्या. "चौथी अ. कुसुम के पिताजी?"

तो स्टिअरिंगवरून उतरला, गमछ्याने तोंड पुसलं आणि ताठ उभा राहून म्हणाला, "उपस्थित." त्याला कोणी शिकवलं नव्हतं. म्हणजे कुसुमने आत्याला आणि आत्याने त्याला सांगितलेलं असणार.

बाईंच्याकडे सांगायला आज काही उरलं नव्हतं, त्यांनी फक्त विचारलं. "घर में किससे सबसे ज़्यादा बोलती है?"

"हमसे तो कहाँ दीदी," तो म्हणाला. "हम पहुँचते हैं, तब तक सो जाती है." मग लेकीकडे न बघता विचारलं, "वापसी में वो मधुमक्खी वाला एक बार और पढ़ देगी? बीच में चढ़ने-उतरने वालों ने सुनने नहीं दिया."

परत येताना तिने तो दोनदा वाचला.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती, पण प्रबंधकांना कंडक्टरकडून नाही तरी कोणाकडून तरी बातमी लागलीच. दुसऱ्या दिवशी ते स्वतः आले. अतिशय गोड आवाजात म्हणाले, की दीदी, बस काही हॉल नाही. सभा हॉलमध्येच झाली पाहिजे. बाकीच्यांचं मी धकवून घेतो, पण ही तर हद्द झाली. मुलीचं नाव आज कमी करा. उद्या सगळे म्हणतील, आम्ही बसमध्येच भेटू.

बाई म्हणाल्या, "जी." एवढंच. मी दारात उभी राहून ऐकत होते. प्रबंधक स्टाफरूममध्ये चहा घेत बसले, तेवढ्यात बाईंनी खडू घेतला आणि व्हरांड्यातल्या फळ्यावर लिहिलं, 'नाम पृथक', म्हणजे नाव कमी, आणि खाली दोन नावं. पहिलं कुसुमचं नव्हतं. पहिलं चौथी अ मधल्याच एका मुलाचं होतं, आणि तो प्रबंधकांचा नातू. मुलाचे आईवडील परदेशात, आजोबाच त्याचे पालक म्हणून शाळेत नोंदलेले.

प्रबंधक बाहेर आले. फळा वाचला. साखर एकदम उतरली. "यह क्या मज़ाक है? मैं तो हर मीटिंग में था! मंच पर बैठा था, आपके सामने!"

"प्रबंधक उपस्थित थे," बाई म्हणाल्या. "अभिभावक अनुपस्थित. मैंने हाज़िरी ली थी, कोई नहीं बोला. आप कहते हैं हॉल ज़रूरी है, तो हॉल था, अभिभावक नहीं था. बस में अभिभावक था, हॉल नहीं था. अब आप ही बताइए, काटूँ किसका?"

बाईंची निवृत्ती एका वर्षावर आली होती. हा माणूस मनात आणता तर ते वर्षही पुरं होऊ देता ना. हे बाईंना ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं, आणि व्हरांड्यात जमलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं. त्या घाबरल्या होत्या आणि तरी जागच्या हलल्या नाहीत.

प्रबंधकांनी फळ्यावरची दोन्ही नावं पुन्हा वाचली. शेवटी म्हणाले, "तो अब क्या करना पड़ेगा?"

"मीटिंग," बाई म्हणाल्या. "आप व्यस्त हों तो दुकान पर आ जाऊँ?"

दुकानावर नको म्हणाले. गिऱ्हाइकांसमोर, नोकरांसमोर! माझ्या वर्गात मुलांच्या बाकावर बसले, गुडघे हनुवटीला लागलेले. हजेरी बाईंनी घेतली, सांगायचं काम माझ्यावर टाकलं. मी म्हटलं, तुमचा नातू चित्रं फार छान काढतो, आणि सगळ्या चित्रांत एक दुकान असतं. मग नेहमीचा प्रश्न. घरी तो कोणाशी जास्त बोलतो? प्रबंधकांनी रुमाल काढून चष्मा पुसला, पुन्हा पुसला. जाताना फळ्यावरची दोन्ही नावं त्यांनीच डस्टरने पुसली. तो कागद रद्द झाला असं कोणी कधी जाहीर केलं नाही, पण त्याचं नावही पुन्हा कोणी काढलं नाही.

कुसुम शाळेत राहिली. वर्गातही वाचायला लागली, सुरुवातीला मी तिच्याकडे पाठ करून उभी राहिले तर, आणि मग तशीही.

बाईंचं ते शेवटचं वर्ष सरत आलं असताना एका दुपारी कुसुमचा बाप शाळेत आला. खाकी गणवेशात, पहिल्यांदाच. त्याची बदली गोरखपूरच्या डेपोत झाली होती. आता बायकोलाही तिकडे आणणार होता. मुलीचा दाखला न्यायला आला होता. जे नाव टिकवायला बाईंनी नोकरी पणाला लावली, ते आता बापच येऊन काढून नेत होता. मला वाईट वाटलं. बाईंनी मात्र काही न बोलता दाखला लिहिला, शिक्का मारला, शाई वाळायची वाट बघितली आणि त्याच्या हातात दिला. मग तब्येत विचारली.

तो उठला, पण गेला नाही. टोपी हातात फिरवत उभा राहिला.

"दीदी, एक बात पूछनी थी. डेपो के पास वाले स्कूल में नाम लिखवा रहे हैं. वहाँ मीटिंग कब-कब होती है, आप फ़ोन करके पूछ देंगी? हमारे यहाँ छुट्टी पहले से माँगनी पड़ती है."

बाईंनी टेबलावरचा फोन पुढे ओढला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "पोरी, चहा सांग. याला बसू दे."

मी चहा सांगायला गेले आणि व्हरांड्यात उभी राहून आधी डोळे पुसले. परत आले तेव्हा बाई फोनवर एक्सचेंजच्या ट्रंक-कॉल जोडणाऱ्या पोरीशी वर्ध्याच्या मराठीतून भांडत होत्या, गोरखपूरची लाइन लागत नव्हती. ड्रायव्हरची गाडी सुटायची वेळ होत आली होती, आणि तो खुर्चीवरून उठायचं नाव घेत नव्हता.